खाते गोठवले, स्वभावाचे काय?



चातुर्मासातील प्रवचनांत प्रायश्चित्ताचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे साधू-साध्वी, उपवास आणि गुरूंसमोर जोडलेले हात येतात. कानाला हेडफोन लावून घरात बसलेला नातू त्या चित्रात कुठेच नसतो. प्रस्तुत लेखात त्या नातवालाच या चित्रात आणण्याचा माझा विचार आहे. अपराध्याला शिक्षा कशी द्यावी आणि त्याला सुधारावे कसे, हा प्रश्न आज ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना पडला आहे. लक्षावधी खेळाडूंवर प्रयोग करून त्यांना जे उमगले, त्यातले बरेचसे आपल्या आचारग्रंथांनी फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे.

ज्येष्ठ वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. भारत सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी ‘पबजी मोबाइल’सह 118 ॲपवर बंदी घातली. पुढे जुलै 2021 मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने भारतासाठी आणला. मुले त्याला ‘बीजीएमआय’ म्हणतात. सुमारे शंभर खेळाडू एका काल्पनिक बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात आणि शेवटपर्यंत जो टिकेल तो विजयी ठरतो. बहुधा चौघांचा संघ असतो आणि संघातील चौघांना खेळताना एकमेकांशी बोलता येते. रिठदचा मुलगा, पुण्याचा विद्यार्थी, लुधियानाचा दुकानदार आणि पाटण्याचा आणखी कोणी, अशी चौकडी यंत्र क्षणार्धात जमवते. खेळ संपला की चौघे चार दिशांना. पुन्हा गाठ पडण्याचा संभव जवळजवळ नाहीच.

सगळी गोम इथेच आहे. आमच्या रिसोड तालुक्यातील कोणत्याही गावात माणूस शिवी हासडण्यापूर्वी चारदा विचार करतो. ज्याला शिवी द्यायची त्याच्याकडूनच उद्या ट्रॅक्टर मागायचा असतो. सोयाबीनच्या काढणीला त्याच्याच घरची माणसे बोलवायची असतात. लग्नात त्याच्याच पंगतीला बसायचे असते. गावातील सभ्यता काही प्रमाणात या परस्परावलंबनावर उभी आहे. खेळातील बेटावर उद्याचा दिवसच उगवत नाही. म्हणून एरवी मान खाली घालून बोलणारा मुलगा तिथे आईबहिणीचा उद्धार करतो, समोरच्याची जात, प्रांत, भाषा काढतो, हरायला लागला की आपल्याच साथीदारावर गोळी झाडतो आणि खेळ अर्ध्यावर टाकून निघून जातो. मुलीचा आवाज ऐकू आला तर काय होते, ते या पानावर लिहिण्याजोगे नाही. अनेक मुली त्या भयाने आवाज बंद ठेवूनच खेळतात.

हे भय काल्पनिक नाही. 3 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबईत पोलीस महासंचालक कार्यालयात सायबर जागृती महिन्याचे उद्घाटन झाले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत अभिनेते अक्षय कुमार यांनी तिथे आपल्या घरातला प्रसंग सांगितला. त्यांची तेरा वर्षांची मुलगी अनोळखी व्यक्तीबरोबर ऑनलाइन खेळत होती. प्रारंभी समोरून सौजन्याचे संदेश आले, खेळाचे कौतुक झाले. मग ती मुलगा आहे की मुलगी, अशी विचारणा झाली आणि त्यानंतर थेट विवस्त्र छायाचित्राची मागणी. मुलीने सारे तत्काळ बंद केले आणि आईला जाऊन सांगितले. सातवीपासून दहावीपर्यंतच्या वर्गांत दर आठवड्याला सायबर विषयाचा एक तास असावा, अशी विनंती त्यांनी मुख्यमंत्र्यांना केली. तारांकित घरातील मुलीवर जी वेळ येते, ती वाशीम जिल्ह्यातील मुलीवर येत नसेल, असे कोणी समजू नये.

शिक्षेचे प्रयोग

कंपन्या यावर काय करतात? सर्वांत सोपा उपाय म्हणजे खाते बंद करणे. काही दिवसांपुरते किंवा कायमचे. बँकेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ‘खाते गोठवणे’ हा शब्दप्रयोग ओळखीचा वाटतो. परंतु खेळातील खाते नव्या आयडीने पाच मिनिटांत पुन्हा उघडता येते. ‘टायटनफॉल’ या 2014 च्या खेळाने निराळी युक्ती काढली. लबाडी करणारे पकडले गेले की त्यांना फक्त इतर लबाडांबरोबरच खेळायला लावले जाई. ‘डोटा 2’ मध्ये खेळ वारंवार अर्ध्यावर सोडणाऱ्यांची रवानगी एका वेगळ्या रांगेत होते आणि ठरावीक सामने जिंकल्याशिवाय तिथून सुटका नसते. या युक्त्यांमुळे सज्जनांना थोडा विसावा मिळतो, हे खरे. पण दुर्जनांच्याच संगतीत ठेवलेला माणूस सज्जन होऊन बाहेर येईल, ही अपेक्षा आपल्या तुरुंगांनीही फारशी पूर्ण केलेली नाही.

या बाबतीत सर्वांत अधिक विचार अमेरिकेतील रायट गेम्स या कंपनीने केला. तिच्या ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळात 2011 साली ‘ट्रिब्युनल’ नावाची न्यायसभा सुरू झाली. ज्याच्याविरुद्ध तक्रारी आल्या, त्याचे खेळातील संवाद इतर खेळाडूंपुढे ठेवले जात आणि ते ‘शिक्षा’ किंवा ‘क्षमा’ असा कौल देत. आपल्या जुन्या पंचायतीचाच हा अवतार म्हणावा. दहा कोटींहून अधिक मते या सभेत पडली. दोष एकच होता: निकाल यायला फार विलंब लागे आणि तोवर अपराध करणारा आपण काय बोललो तेही विसरून गेलेला असे. 2014 मध्ये ही सभा थांबवण्यात आली आणि पुढे यंत्राच्या मदतीने तत्काळ निर्णय देणारी व्यवस्था आली.

या प्रयोगांतून बाहेर आलेली माहिती कंपनीची स्वतःची आहे, हे ध्यानात ठेवूनच तिचा विचार करावा. तरीही ती विचार करण्याजोगी आहे. पहिली गोष्ट: सतत उपद्रव देणारे खेळाडू अवघे एक टक्का निघाले आणि एकूण उपद्रवात त्यांचा वाटा होता केवळ पाच टक्के. उरलेली बहुतेक घाण सामान्य, एरवी बऱ्या वागणाऱ्या माणसांनी वाईट दिवशी ओकलेली होती. दुसरी गोष्ट: कारण न सांगता बंदी घातली तर सुमारे निम्मे खेळाडू सुधारत, कारण सांगितल्यावर हे प्रमाण 65 टक्क्यांवर गेले. शिक्षेसोबत त्याचेच शब्द त्याला लेखी दाखवले, तेव्हा त्यात आणखी भर पडली. खेळ संपताच काही मिनिटांत हे सारे होऊ लागल्यावर एकदा शिक्षा झालेल्यांपैकी 92 टक्क्यांच्या आसपास खेळाडूंनी पुन्हा तो अपराध केला नाही. तिसरी गोष्ट मला सर्वाधिक भावली. विरुद्ध संघाशी बोलण्याची सोय कंपनीने आपण होऊन बंद ठेवली. ज्याला बोलायचे त्याने ती स्वतः सुरू करावी, एवढाच अडसर ठेवला. बोलणे पूर्वीइतकेच राहिले, पण वाईट बोलणे 32.7 टक्क्यांनी घटले आणि चांगले बोलणे 34.5 टक्क्यांनी वाढले. तोंड उघडण्यापूर्वी क्षणभर थांबण्याचा हा लाभ. वचनगुप्ती आणि भाषासमिती यांचे याहून सोपे उदाहरण पाठशाळेतील मुलांना देता येईल असे मला वाटत नाही.

शास्त्रातील शिक्षासंहिता

आता आपल्याकडे वळू. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्त हे अभ्यंतर तपांतील पहिले तप सांगितले आहे आणि त्याचे नऊ प्रकार दिले आहेत: आलोचना, प्रतिक्रमण, तदुभय, विवेक, व्युत्सर्ग, तप, छेद, परिहार आणि उपस्थापना. ही यादी आपण तोंडपाठ म्हणतो. तिचा क्रम मात्र क्वचितच न्याहाळतो. प्रारंभ आहे आलोचनेने, म्हणजे आपला दोष आपल्या तोंडाने गुरूंपुढे सांगण्याने. कित्येक दोष तेवढ्यानेच फिटतात. दोष जड असेल तसे प्रायश्चित्त कठोर होत जाते. ‘छेद’ म्हणजे दीक्षेचा काळ कमी करणे. कालपर्यंत जे धाकटे होते त्यांना आज वंदन करण्याची वेळ येते. खेळातील मुलांना ‘रँक’ उतरली म्हणजे काय वाटते ते विचारा; छेदाची वेदना त्यांना चटकन समजेल. ‘परिहार’ म्हणजे ठरावीक काळ संघापासून वेगळे ठेवणे. आजच्या भाषेत मुदतीची बंदी. आणि यादीचा शेवट कुठे होतो? ‘उपस्थापना’ येथे, म्हणजे पुन्हा नव्याने दीक्षा देऊन संघात घेण्यात. कठोरातील कठोर पायरीनंतरही परतीचे दार उघडे आहे. कायमची हकालपट्टी या यादीचे अखेरचे पान नाही.

त्याहूनही सूक्ष्म विचार आलोचनेच्या दहा दोषांत आहे. कबुली देतानाही मनुष्य किती लबाडी करतो, याचा तो जमाखर्च आहे. गुरूंचे मन आधी वळवून घेऊन सौम्य प्रायश्चित्त मिळवणे, हा एक दोष. ‘दृष्ट’ म्हणजे इतरांनी पाहिलेले तेवढेच अपराध सांगणे आणि न पाहिलेले गिळून टाकणे. ‘बादर’ म्हणजे ठळक ते सांगून बारीकसारीक लपवणे. ‘शब्दाकुलित’ म्हणजे गलका चालू असताना, ऐकू जाऊ नये अशा बेताने सांगणे. आणि ‘तत्सेवी’ म्हणजे स्वतःच तोच दोष करणाऱ्या गुरूपुढे सांगणे, कारण तो फार रागावणार नाही, याची खात्री असते.

या दोषांपुढे कंपन्यांची व्यवस्था ठेवून पाहावी. यंत्र केवळ ‘दृष्ट’ अपराध पकडू शकते. जे नोंदले गेले तेच त्याला ठाऊक. काही शब्दांवर बंदी घातली की मुले अक्षरे बदलून तीच शिवी लिहितात. ‘बीजीएमआय’मध्ये वर्तनाचे गुण असतात. साथीदारावर गोळी झाडली, खेळ सोडला की ते कापले जातात. कर्जदाराच्या सिबिल गुणांकासारखीच ही पद्धत आहे आणि तिची मर्यादाही तीच. गुणांक चांगला राखणारा प्रत्येक माणूस नीयतीने चांगला असतोच असे नाही, हे बँकेच्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

इथे न्यायाचाही एक प्रश्न येतो. कर्जखाते ‘फसवणूक’ म्हणून घोषित करण्यापूर्वी कर्जदाराला आपली बाजू मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे आणि तो निर्णय सकारण असला पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2023 रोजी दिला. बँकांना तो जाचक वाटला असेल, पण तत्त्व जुनेच आहे: ज्याला शिक्षा द्यायची, त्याला आधी ऐकावे आणि मग कारण सांगावे. चौदा वर्षांच्या मुलाच्या पडद्यावर ‘नियमभंगामुळे तुमचे खाते बंद करण्यात आले आहे’ एवढीच ओळ उमटते, तेव्हा त्याच्या मनात पश्चात्ताप उगवत नाही; माझी तक्रार कोणी केली, हा एकच विचार उरतो.

आजीचा प्रश्न

माझ्या परिचयातील एका कुटुंबात असेच घडले. नववीतील मुलाचे खाते शिवीगाळीमुळे दहा दिवस बंद झाले. वडिलांनी कारण न विचारता मोबाइल काढून कपाटात टाकला. दुसऱ्याच दिवशी मुलाने चुलतभावाच्या मोबाइलवर नवी आयडी उघडली. कंपनीची शिक्षा झाली, वडिलांची झाली, आणि दोन्ही वाया गेल्या. नित्य प्रतिक्रमण करणारी आजी मात्र त्याला जवळ बसवून एवढेच म्हणाली, “बाबू, काय बोल्ला होता तू त्याले, ते मले सांग.”

मुलाच्या तोंडून शब्द फुटेना. जे अनोळखी माणसाला वीस वेळा ऐकवले, ते आजीपुढे एकदाही उच्चारता येईना. आजीने पुन्हा विचारले, “ज्याले बोल्ला तो कोन होता?” मुलगा म्हणाला, “माहीत नाही आजी. तिथं नुसती आयडी दिसते.” त्यावर आजी म्हणाली, “कोनाचा तरी नातू असंन ना तो बी?”

त्या मुलाने खेळणे सोडले, असे मी सांगणार नाही. तो आजही खेळतो. परंतु बेटावरच्या त्या बिनचेहऱ्याच्या माणसाला आजीने एक घर दिले, एक नाते दिले. गावात जो धाक आपोआप असतो, तो तिने एका वाक्यात त्या बेटावर नेला. आपली क्षमायाचना ओळखीच्यांपुरती नसते. आपण समस्त जीवांची क्षमा मागतो, ज्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत, त्यांचीसुद्धा. दूर कुठे तरी हेडफोन लावून बसलेला तो मुलगा त्या समस्त जीवांमधून वगळलेला नाही.

‘पण तो तर खेळ आहे, त्यातले कुठे खरे असते?’ असा प्रश्न तरुण वाचक विचारतील. त्यांनी यशोधर राजाची कथा घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकावी. सोमदेवसूरींनी इ.स. 959 मध्ये रचलेल्या ‘यशस्तिलक’ ग्रंथात ती विस्ताराने आली आहे. यशोधराने जिवंत प्राणी मारला नव्हता. आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला होता. तरीही त्या संकल्पाचे फळ मायलेकांना अनेक पशुयोनींत भोगावे लागले. मारामारीचे खेळ मुळात खेळावेत का, याचा विचार ज्याने त्याने या कथेच्या प्रकाशात करावा. शिवीच्या बाबतीत तर तेवढाही संदेह नाही. पिठाच्या कोंबड्याला वेदना नव्हती. इथे शब्द जिवंत माणसाच्या कानावर आदळतात.

मर्यादा आणि कर्तव्य

एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. क्षमा आणि सुधारणा यांचा आग्रह धरताना पीडिताला वाऱ्यावर सोडता येत नाही. अल्पवयीन मुलीकडे छायाचित्राची मागणी, धमकी, पाठलाग हे प्रायश्चित्ताने मिटवण्याचे विषय नाहीत. ते गुन्हे आहेत. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2012 चा पॉक्सो कायदा आहे. अशा वेळी संदेश पुसू नयेत, पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, 1930 या क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी. मुलांसाठी 1098 ही मदतवाहिनी आहे. ‘घरातली गोष्ट घरातच राहू दे’ म्हणून मुलीलाच गप्प बसवणे, तिचाच मोबाइल काढून घेणे, हा निरपराध्याला दिलेला दंड आहे. तसे झाले तर पुढच्या वेळी ती आईला सांगणारच नाही.

राहिला तो सामान्य मुलगा, ज्याच्या वाईट दिवसाने बेटावरची बहुतेक घाण निर्माण केली. त्याच्यासाठी घराने काय करावे? खोड कळताच त्याच दिवशी बोलावे. महिन्याने उकरून काढू नये. आधी त्याचे ऐकावे. काय बोललास, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे, कारण नोंदलेल्या अपराधापलीकडचे जे यंत्राला दिसत नाही, ते आलोचनेतच दिसते. शिक्षा मोजकी आणि मुदतीची असावी, आणि ती कधी संपणार हे त्याला आधी ठाऊक असावे. चांगले वागला तर तेही बोलून दाखवावे. रायट गेम्सने 2012 पासून खेळाडूंना एकमेकांच्या सद्वर्तनाचा गौरव करण्याची सोय दिली; आपल्या घरात मात्र दंडाची सोय असते, गौरवाची विसरली जाते.

आणि ‘तत्सेवी’ दोष वडीलधाऱ्यांनी विसरू नये. बाजार समितीतील भाव ऐकून, रस्त्यात आडव्या आलेल्या दुचाकीला पाहून, दूरचित्रवाणीवर विरोधी पक्षाचा नेता दिसताच जे शब्द आपल्या मुखातून निघतात, ते मुलाने ऐकलेले असतात. त्या तोंडाने आपण त्याला भाषासमिती शिकवू लागलो, तर तो मान डोलावेल आणि मनात हसेल.

संवत्सरी असो वा क्षमावाणी, त्या दिवशी आपण एकच तयार संदेश शेकडो जणांना पाठवतो. त्यात ज्याला खरोखर दुखावले, त्याचे नाव बहुधा नसतेच. या वर्षी एक वेगळा पाठ घरात करून पाहावा. मुलाने खेळात ज्याला अपशब्द ऐकवले, त्याची आयडी शोधावी आणि जमल्यास त्याला दोन शब्द लिहावेत: ‘त्या दिवशी मी चुकलो.’ उत्तर येईल, न येईल. कदाचित उलट शिवीच येईल. ती आली तरी मुलाने गप्प राहावे. वडिलांनीही त्याच दिवशी, ज्याच्याशी बोलणे तोडले आहे त्या एका माणसाच्या दारात जाऊन यावे. मुलगा ते पाहत असेल.